लमेटा खडकातील डायनासोरचे अंडे कसे ओळखावे

डायनासोरचे अंडे ओळखू पाहणाऱ्याने गोल दगडाकडे वळण्याआधी तो दगड कोणत्या खडकात आहे हे पाहावे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्या काळ्या बेसॉल्टने व्यापला आहे, तो लाव्हा थंड होऊन बनलेला असल्यामुळे त्यात अंडे सापडण्याची आशा धरू नये. या बेसॉल्टच्या तळाशी, नागपूर-चंद्रपूरपासून जबलपूर आणि नर्मदेच्या खोऱ्यातून गुजरातमधील बालासिनोरपर्यंत, लमेटा नावाचा गाळाचा खडक तुकड्यातुकड्यांनी उघडा पडलेला आहे. क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे ७ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी, टायटॅनोसॉर या अजस्र शाकाहारी डायनासोरांनी येथील वालुकामय, चुनखडीयुक्त मातीत अंडी घातली आणि तीच माती पुढे फिकट पांढऱ्या किंवा राखाडी रंगाचा चुनखडक झाली. शोध घ्यायचा तो या चुनखडकात. पावसाळा सरल्यानंतर ओढ्यांच्या कडा धुऊन स्वच्छ झालेल्या असतात, आणि सकाळच्या किंवा मावळतीच्या तिरप्या उजेडात खडकावरील बारीक उंचसखलपणा स्पष्ट दिसतो. म्हणून हा हंगाम आणि या वेळा निवडाव्यात.

लोक ज्यांना हमखास अंडे समजतात असे दगड बहुधा दोन प्रकारचे असतात. बेसॉल्ट झिजताना त्याचे गोलाकार धोंडे तयार होतात आणि त्यांचे कांद्यासारखे एकाखाली एक पापुद्रे सुटतात. दुसरा प्रकार चुनखडीच्या गाठींचा, ज्यांना आपण कंकर म्हणतो. धोंड्यात थरामागून थर निघत जातात, तर कंकर फोडलेला असेल तर आत वेगळे कवच दिसतच नाही. अंड्याचे तसे नसते. त्याला एकच पातळ कवच असते, त्याची सीमा आतून आणि बाहेरून रेखीव असते, आणि आत भरलेला गाळ सहसा भोवतालच्या खडकासारखाच असतो. त्यामुळे केवळ आकार पाहून निर्णय कधीही देऊ नये. माझ्या मते गोलाई हा या कामातला सर्वांत कमकुवत पुरावा आहे.

खरा पुरावा कवचाचा. खडकाच्या सपाट पृष्ठभागावर अंडे पूर्ण गोळ्याच्या रूपात क्वचितच दिसते. बहुतेक वेळा झिजेने त्याचा वरचा भाग गेलेला असतो आणि उरते ते एक वर्तुळ किंवा अर्धवर्तुळ, ज्याची कड आजूबाजूच्या खडकाहून थोडी गडद असते. अशा जागी थोडे पाणी शिंपडावे, म्हणजे रंगातला फरक उठून येतो. लमेटातील टायटॅनोसॉरांच्या अंड्यांचा व्यास साधारणपणे १२ ते २० सेंटिमीटर आणि कवचाची जाडी बहुधा १ ते ३ मिलिमीटर असते. कवचाचा सुटा तुकडा मिळाला तर तो किंचित वक्र असतो आणि त्याच्या बाहेरच्या, फुगीर बाजूवर बारीक गोलसर उंचवटे दाटीने असतात. ते बोटाच्या टोकालाही जाणवतात.

यानंतर दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याजवळ धरून तुकड्याची तुटलेली कड पाहावी. कवच टिकून राहिले असेल तर आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे पंख्यासारखे पसरत जाणारे कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्या स्फटिकरूप खनिजाचे, उभे स्तंभ शेजारीशेजारी दिसतात, आणि प्रत्येक स्तंभाचा माथा म्हणजेच पृष्ठभागावरचा एक उंचवटा असतो. स्तंभांच्या मधून गेलेली छिद्रे गर्भाला हवा पोहोचवण्यासाठी होती. कंकराला अशी रचना कधीच नसते. आम्ल टाकून पाहण्याचा मोह मात्र टाळावा: कवच आणि चुनखडक दोन्ही फसफसतात, त्यामुळे त्यातून काहीच सिद्ध होत नाही आणि नमुना कायमचा बिघडतो.

एक वर्तुळ मिळाले की चार पावले मागे सरून आजूबाजूला पाहावे, कारण अंडी बहुधा घरट्याने असतात. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाघ-कुक्षी परिसरातून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली, आणि त्यांतली कित्येक घरटी एकमेकांच्या इतकी जवळ होती की मादी मध्ये उभी राहून राखण करू शकली नसती. चंद्रपूर जिल्ह्यातही अशी अंडी मिळाली आहेत. एकाच मापाची अनेक वर्तुळे एकाच थरात दिसली, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

ओळख पटल्यावर अंडे उकरून काढू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. गुजरातमधील धोली डुंगरी येथून १९८४ मध्ये भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी मिळवलेल्या खडकात अंडी आणि नुकते जन्मलेले पिल्लू ओळखले गेले होते. पण २००१ मध्ये अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी त्याच खडकातले काही मणके सापाचे असल्याचे हेरले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा तो साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला होता, आणि २०१० मध्ये त्याला सनाजेह इंडिकस हे नाव मिळाले. अंडी कोणी सुटी करून नेली असती, तर डायनासोरच्या घरट्यावर टपलेल्या सापाची ही गोष्ट जगाला कळलीच नसती.

म्हणून जागेवरच मोजपट्टी ठेवून एक छायाचित्र जवळून आणि एक लांबून घ्यावे, दुसऱ्यात आजूबाजूचा थर दिसेल असे पाहावे. मोबाइलवरील अक्षांश-रेखांश, गाव, ओढ्याचे नाव आणि वर्तुळांमधली अंतरे वहीत लिहावीत. जमीन खासगी असेल तर मालकाला, वनहद्दीत असेल तर वनविभागाला आधी सांगावे. त्यानंतर ही नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर येथील मध्य क्षेत्र कार्यालयाकडे किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाकडे पाठवावी, आणि तज्ज्ञ येईपर्यंत नेमकी जागा समाजमाध्यमांवर उघड करू नये.