उंच डोंगरावरचा ऊलाँग चहा पांचट किंवा तुरट होतो? या चुका टाळा

तैवानमधील अलीशान, शानलिनशी आणि लीशान या भागांत, समुद्रसपाटीपासून १००० मीटरहून अधिक उंचीवर पिकणारा ऊलाँग (ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधल्या प्रकारचा) चहा चांगलाच महाग असतो आणि तो पहिल्यांदा घरी करून पाहणाऱ्याचा बहुधा हिरमोड होतो. दोष दर वेळी पानाचाच असतो असे नाही. पाणी, प्रमाण आणि वेळ यांचे गणित चुकले, तरी चांगला चहा वाया जातो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे त्याला ग्रीन टी समजणे. या चहाचे ऑक्सिडीकरण (हवा लागून पान काळवंडण्याची क्रिया) हलके असल्यामुळे कोरडे पान हिरवे दिसते, आणि मग सवयीने ८० अंशांचे पाणी ओतले जाते. मात्र हे पान कापडात आवळून, पुन्हा पुन्हा वळून त्याची घट्ट गोळी केलेली असते. एवढे कमी तापलेले पाणी तिचा बाहेरचा पदर तेवढा भिजवते, आतले पान मिटलेलेच राहते आणि पेल्यात फिकट, मिळमिळीत पाणी उतरते. म्हणून पाणी आधण आलेलेच हवे आणि भांडेही आधी गरम पाण्याने विसळून घ्यावे. थर्मामीटरची गरज नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांना उकळते, आणि तेवढी उष्णताही या चहाला पुरते.

झाकणाच्या लहान भांड्यात १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम चहा घ्यावा आणि पहिले पाणी सुमारे ५० सेकंद ठेवावे. ते गाळल्यावर झाकण उचलून पाहावे: गोळ्या अर्धवट उलगडलेल्या, कडेने एखादे पान सुटलेले दिसेल. पान आता उघडले असल्यामुळे दुसरे पाणी पहिल्यापेक्षा कमी वेळ, ४० सेकंदांच्या आसपास ठेवावे. पुढे प्रत्येक वेळी १०-१५ सेकंद वाढवत न्यावे. दुसरा कप अचानक कडक होण्याचे कारण बहुधा इथेच सापडते. पहिले पाणी गाळताना तळाशी थोडे उरले, तर पाने त्यात मुरत राहतात आणि तुरटपणा वाढतो. भांडे शेवटच्या थेंबापर्यंत रिकामे करावे. नीट केल्यास पाच-सहा पाणी सहज निघतात, त्यामुळे एका कपानंतर चोथा फेकणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी होय.

गोळ्या दिसायला थोड्या वाटतात म्हणून मूठभर टाकू नयेत. त्या फुगून भांडे भरून टाकतात, आणि पानांना उलगडायला जागाच उरत नाही. पानांसोबत आलेल्या काड्या पाहून भेसळीचा संशय घेण्याचेही कारण नाही, कारण हा चहा कोवळ्या देठासकट खुडतात. आपल्या रोजच्या चहासारखा तो गॅसवर उकळणे किंवा त्यात दूध घालणे मात्र अगदीच चुकीचे. फुलांसारखा जो नाजूक गंध मिळावा म्हणून पैसे मोजले, तोच त्यात हरवतो.

एवढे करूनही चव बिघडत असेल, तर पानाची परीक्षा घ्यावी. तैवानमधील परीक्षक साधारणपणे ३ ग्रॅम चहा १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात पाच-सहा मिनिटे ठेवून चाखतात. थंड, धुकट हवेत सावकाश वाढलेल्या पानात तुरटपणा आणणारी द्रव्ये तुलनेने कमी असल्याने, खरा डोंगरी चहा एवढ्या वेळानंतरही गोडसरच लागतो. घसा ओढला गेला, तर पुडक्यावरच्या नावाविषयी शंका घ्यायला हरकत नाही. ‘दुधाळ ऊलाँग’ घेताना तर अधिक जपावे. जिनश्वान जातीच्या पानाला सायीसारखा मंद वास मुळातच असतो. पण कोरड्या पानालाच मिठाईसारखा भपकारा येत असेल, तर तो वरून लावलेला समजावा.

आरओचे पाणी फारच हलके असेल तर चव बोथट होते आणि बोअरचे जड पाणी गंध दाबून टाकते. मध्यम क्षारांचे पाणी बरे. उघडलेले पुडके हवाबंद करून उजेडापासून दूर ठेवावे आणि काही आठवड्यांत संपवावे. न उघडलेले पुडके फ्रीजमध्ये ठेवले असेल, तर ते खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडावे, अन्यथा दमट हवेतील बाष्प थंड पानांवर जमते.