मामा तलावावर कुठल्या महिन्यात काय बघायचं आणि कसं

गोंदिया-भंडाऱ्याकडे पक्षी बघायला जायचं म्हटलं की सगळे जानेवारीच धरतात, नवेगाव बांधला एक मुक्काम, राजहंसांचे फोटो, झालं. ठीक आहे, पण ज्या तलावांत पुन्हा देशी पाणवनस्पती लावल्या गेल्यात तिथे जाणार असाल तर पहिली चक्कर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मारा, आणि पक्ष्यांच्या आधी पाण्यातला झाडोरा बघा. कुठे काय उगवलंय हे एकदा कळलं की थंडीत कुठल्या कोपऱ्यात कोण बसणार याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

थोडं तलावांबद्दल. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी लोकांनी भातासाठी बांधलेले हे जुने माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव, पूर्व विदर्भात सहा हजारांच्या वर आहेत. मालगुजारी (जुनी जमीनदारी) गेली, तलाव सरकारकडे आले, गाळ साचला, बेशरम नावाचं बाहेरून आलेलं झुडूप माजलं, वरून मत्स्यबीज म्हणून गवत्या (ग्रास कार्प) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासे सोडले, गवत्या पाण्यातल्या वनस्पती खातो आणि सायप्रिनस तळ उकरत बसतो, मग मरळ-मागूरसारख्या देशी माशांना आडोसा कुठून राहणार. अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्था आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी मिळून काही तलावांत बेशरम मुळासकट काढली, उन्हाळ्यात कोरडं पडलेलं पोट नांगरलं आणि पावसाळ्याच्या तोंडावर देशी वनस्पती आणून लावल्या. मेहनतीचं काम आहे, आणि बेशरम परत परत येते.

आता बघायचं कसं. पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक जागा ठरवा जिथून बराचसा तलाव दिसतो, आणि दर वेळी तिथूनच मोबाईलवर एक फोटो काढा, पक्षी आला नाही तरी चालेल. मग डोळ्यांनी तलावाचे पट्टे पाडा. काठाला उभं गवत आणि देवधान म्हणजे रानटी भात, त्याच्या आत तरंगत्या पानांचा पट्टा (कमळ, कुमुद, झालरीसारख्या पांढऱ्या छोट्या फुलांची कुमुदिनी), आणि त्याच्या पलीकडे मोकळं पाणी ज्याच्या खाली खरा खजिना असतो. तो बघायला पाण्यात उतरायची गरज नाही, वाऱ्याने काठाला लागलेले तुकडे उचला. देठाभोवती बारीक पानांची कडी कडी असेल आणि पानाची कड दातेरी असेल तर हायड्रिला. पान फाटे फुटलेलं आणि मुळंच नाहीत, तर सेराटोफायलम. रिबनसारखी लांब पानं म्हणजे व्हॅलिस्नेरिया, हिची मादी फुलं स्प्रिंगसारख्या देठावर पाण्याच्या पृष्ठभागावर येतात आणि नर फुलं सुटून तरंगत त्यांच्याकडे जातात, हा प्रकार एकदा तरी पारीवर पालथं पडून बघाच, कपडे मळतील. तुकड्याला उग्र लसणासारखा वास आला तर बहुतेक कारा, ते शेवाळ आहे. काहीच सापडलं नाही आणि चारी बाजूंनी नुसती बेशरम दिसली, तर त्या तलावाचं काम अजून व्हायचंय असं समजा.

पावसाळ्यात तरंगत्या पानांवर कमळपक्षी शोधा. या दिवसांत त्याची शेपटी लांबलचक असते आणि अंड्यांवर नर बसतो, मादी पुढच्या नराकडे निघून जाते. थंडीत हाच पक्षी शेपटी गाळून मळकट तपकिरी होतो आणि नवखे लोक त्याला दुसराच काहीतरी समजून लिहितात. अडई आणि कापशी बदक याच वेळी काठच्या झाडांच्या ढोलीत घरटी करतात, म्हणून पारीवरच्या जुन्या झाडांकडेही मान वर करून बघत जा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात देवधानाला लांब कुसं येतात, दाणा पिकला की लगेच गळतो, त्यामुळे मुनियांची घाई चालू असते. मग डिसेंबर ते फेब्रुवारी पाहुणे. इथे आधीची मेहनत कामाला येते: हायड्रिला-व्हॅलिस्नेरिया जिथे दाट सापडली होती तिथे वारकरी आणि मोठी लालसरी ही पाणपाखरं बुड्या मारताना दिसण्याचा चान्स जास्त, तलवार बदकं उथळ पाण्यात शेपटी वर करून, आणि राजहंस मात्र मोकळ्या काठावर, कारण ते चरायला गवतात-शेतात जातात. धुकं असलं तर आठपर्यंत काही दिसत नाही, चहा घ्या. बायनॅक्युलर आठ बाय बेचाळीस पुरे, मोठी लेन्स नसली तरी काही अडत नाही.

एप्रिल-मेमध्ये लोक येतच नाहीत, पण उरलेल्या चिखलात शेकाटे, गोगलगायी टिपणारे उघड्या चोचीचे करकोचे छान जवळून दिसतात. कोरड्या पोटात चालताना पायाखाली बघा, टिटवीची अंडी मातीच्याच रंगाची असतात.

सारसासाठी वेगळं जावं लागेल, गोंदिया तालुक्यात परसवाडा, झिलमिलीच्या बाजूला. महाराष्ट्रात हा पक्षी जवळपास याच पट्ट्यात उरलाय. जून ते ऑक्टोबर तो भाताच्या बांध्यात किंवा तलावाच्या काठाला घरटं करतो, तेव्हा रस्त्यावरूनच बघा, बांध्यात उतरू नका, शेतकऱ्याचा भातही तुडवला जातो. घरट्याचं लोकेशन कुठल्याही ॲपवर किंवा ग्रुपवर टाकू नका, ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) यादी टाकायचीच असेल तर घरट्याचा उल्लेख न करता टाका. आणि कुठल्याही तलावावर जाण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेच्या लोकांना विचारा, जाळी कुठे लावलीत, नवीन लागवड कुठे आहे, कारण ताजं लावलेलं रोप गाळात दिसत नाही आणि बुटाखाली आलं की गेलं.