कंपनीची सायकल: पगारात कर किती लागतो, कसा मोजायचा

वागळे इस्टेट असो की महापे, कंपनीने सायकल योजना आणली की 'कर वाचतो' असं सर्रास सांगितलं जातं. ते ब्रिटनमधलं. तिथे मालकाने कामावर येण्यासाठी दिलेल्या सायकलीला करात खास सूट आहे. आपल्याकडे सायकलीपुरती अशी वेगळी सूट नाही. खालचा हिशोब आर्थिक वर्ष 2025-26 चा, आणि जुन्या-नव्या दोन्ही करप्रणालींत तो सारखाच.

आधी बिल बघा. दुकानदाराने ते तुमच्या नावावर फाडलं आणि कंपनीने पैसे परत दिले, तर सगळी रक्कम पगारात धरून करपात्र होते. बिल कंपनीच्या नावावर आणि सायकल कंपनीच्या मालकीची असेल, तर आयकर नियम 3(7) प्रमाणे वर्षाला किमतीच्या फक्त 10 टक्के तुमच्या पगारात धरतात. म्हणून बिलावर कंपनीचं नाव, जीएसटी क्रमांक आणि फ्रेम नंबर हवाच. हा नंबर बहुधा पेडलच्या दांड्याखाली, फ्रेमच्या तळाशी कोरलेला असतो. सायकल उलटी केली की दिसतो.

समजा सायकल कंपनीला ₹36,000 ला पडली. वर्षाचं मूल्य ₹3,600. तुम्ही 20 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर करावरचा 4 टक्के सेस धरून कर ₹748.80, म्हणजे महिन्याला साधारण ₹62. कंपनी तुमच्याकडून वापराचे दरमहा ₹200 घेत असेल तर ते ₹2,400 वजा होऊन ₹1,200 उरतात. निव्वळ घर ते ऑफिस वापराचं वाहन करपात्र लाभ धरू नये, असं कलम 17(2) मधलं एक स्पष्टीकरण आहे खरं. पण तीच सायकल रविवारी पाम बीच रोडवर फिरत असेल, मुलगी क्लासला नेत असेल, तर त्याच्या भरवशावर राहू नका. 10 टक्के धरलेले बरे.

खरा फटका सायकल तुमच्या नावावर होताना बसतो. दोन-तीन वर्षांनी 'फक्त ₹1,000 मध्ये तुमची' म्हणतात, पण आयकराला ती किंमत मान्य नाही. मूळ किमतीतून वापराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाचे 10 टक्के कमी होतात, अपुरं वर्ष मोजत नाहीत. 2 वर्षं 11 महिन्यांनी घेतली तर मूल्य ₹28,800. त्यातून ₹1,000 वजा जाता ₹27,800 तुमच्या पगारात, कर ₹5,782. एक महिना थांबलात तर मूल्य ₹25,200 आणि कर ₹5,034. वर्षं वापर सुरू झाल्यापासून मोजतात, म्हणून सायकल ताब्यात घेतल्याची तारीख लेखी ठेवा.

स्वस्त सायकलीसाठी बिनव्याजी कर्ज जास्त सुटसुटीत. 2025-26 च्या नियमाने, कंपनीकडून घेतलेली सगळी कर्जं मिळून ₹20,000 च्या आत असतील तर काही कर नाही. ओलांडलं की स्टेट बँकेच्या दराने व्याज तुमच्या पगारात धरतात, तेही फक्त वरच्या रकमेवर नाही, सगळ्या रकमेवर. सणासाठी घेतलेलं कर्ज चालू असेल तर तेही बेरजेत येतं. लोक नेमके इथेच चुकतात.

जूनमध्ये फॉर्म 16 सोबत फॉर्म 12बीए (पगाराशिवाय मिळालेल्या लाभांचा तक्ता) आला की 'जंगम मालमत्तेचा वापर' आणि 'मालमत्तेचं हस्तांतरण' या दोन ओळी तपासा. पहिलीत ₹36,000 दिसले तर पेरोलने 10 टक्क्यांऐवजी अख्खी किंमत टाकली आहे. विवरणपत्र भरण्याआधीच फॉर्म दुरुस्त करून मागा.