चालती गाडी मधेच बंद पडते? आधी रिकॉल चेक करा
सिग्नलला किंवा स्पीड कमी केला की इंजिन अचानक बंद पडतं आणि परत स्टार्ट केलं की काही झालंच नाही अशी चालते, असं दोनदा झालं की लगेच प्लग बदल, थ्रॉटल बॉडी साफ कर असे खर्च सुरू करू नका, आधी कंपनीच्या साईटवर गाडीचा १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन टाकून रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) आहे का बघा, कारण रिकॉल असेल तर ते काम सहसा फुकट होतं. व्हीआयएन आरसी बुकात चॅसिस नंबर म्हणून असतो, गाडी सेकंडहँड असेल तर नक्कीच बघा, कारण रिकॉलचं पत्र जुन्या मालकाकडे गेलेलं असू शकतं.

२०१४ साली जनरल मोटर्सने इग्निशन स्विचसाठी साधारण २६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, जड कीचेन नाहीतर धक्क्याने चावी फिरायची, इंजिन बंद आणि एअरबॅगही उघडत नव्हती. म्हणून चावीला घरभरच्या किल्ल्यांचा जुडगा लावू नका राव.

चालताना बंद पडलीच तर घाबरून चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. स्टिअरिंग जड होईल पण वळतं, ब्रेक सारखा सारखा पंप न करता एकदाच घट्ट दाबून धरा कारण बूस्टरमधला (ब्रेक हलका करणारा भाग) व्हॅक्यूम दोन-तीन दाबांतच संपतो, पार्किंग लाईट (चारही इंडिकेटर एकदम) लावून कडेला घ्या. आणि बंद पडली तेव्हा इंजिन गरम होतं का, एसी चालू होता का, टाकीत पेट्रोल किती होतं, हे मोबाईलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर सर्व्हिस सेंटरवाले "आमच्याकडे तर नीट चालली" म्हणून परत पाठवतात.