पोर्ट-फॉरवर्ड चालते, नोडपोर्ट का चालत नाही?

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीसाठी बिडाच्या मालाची आवक-जावक नोंदवणारे छोटे ॲप मी खानापूरच्या घरी, लिनक्स लॅपटॉपवर, मिनीक्यूबमध्ये (एकाच संगणकावर कुबरनेटीस, म्हणजे कंटेनर चालवणारे क्लस्टर, उभे करणारे साधन) चालवून पाहत होतो. पॉड, म्हणजे ॲपचा कंटेनर ज्यात चालतो तो घटक, ‘रनिंग’ दिसत होता, लॉग स्वच्छ होता, ‘क्यूबसीटीएल पोर्ट-फॉरवर्ड’ (लॅपटॉपचा पोर्ट थेट पॉडला जोडणारी आज्ञा) केले की पान लगेच उघडत होते. परंतु नोडचा, म्हणजे पॉड चालवणाऱ्या यंत्राचा, पत्ता १९२.१६८.४९.२ आणि नोडपोर्ट (सर्व्हिससाठी नोडवर उघडलेला पोर्ट) ३००८० टाकला की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ एवढेच उत्तर येई.

दोन दिवस मी सर्व्हिसचा, म्हणजे पॉडपर्यंत जोडणी पोहोचवणाऱ्या घटकाचा, प्रकार बदलत बसलो. लोडबॅलन्सर केल्यावर बाहेरचा पत्ता ‘पेंडिंग’च राहिला, कारण तो पत्ता देणारी क्लाउडची यंत्रणा लॅपटॉपवर नसते आणि मिनीक्यूबमध्ये त्यासाठी ‘मिनीक्यूब टनेल’ स्वतंत्रपणे चालू ठेवावे लागते. नव्याने शिकणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की बाहेरून आत न शिरता आतून बाहेर या.

आधी सर्व्हिसचे एंडपॉइंट, म्हणजे ती ज्या पॉडकडे जोडणी पाठवते त्यांचे पत्ते, पाहा. ते रिकामे असतील तर बहुधा सर्व्हिसचा सिलेक्टर (पॉड निवडण्याची खूण) आणि पॉडची लेबले जुळत नसतात, किंवा पॉड अजून ‘रेडी’ झालेला नसतो. माझे एंडपॉइंट ठीक होते, टार्गेटपोर्टही (पॉडमधला ज्या पोर्टवर जोडणी जाते तो) बरोबर होता. मग मी क्लस्टरमध्येच दुसरा पॉड सुरू करून त्यातून पहिल्या पॉडच्या आयपीवर ‘कर्ल’ या आज्ञेने विनंती पाठवली, आणि तिथेही ‘रिफ्यूज्ड’ आले. म्हणजे दोष सर्व्हिसमध्ये नव्हताच. ॲपच्या सुरुवातीच्या ओळीत होस्ट म्हणून १२७.०.०.१ लिहिलेले होते, त्यामुळे ते फक्त पॉडच्या आतून आलेले बोलावणे ऐकत होते. पोर्ट-फॉरवर्ड मात्र पॉडच्या आतील लोकलहोस्टवरच जोडणी करते, सर्व्हिसचा नेहमीचा मार्ग वापरत नाही. म्हणून ते चालले आणि त्याच्यावर विसंबून मी चुकीच्या जागी शोधत राहिलो. होस्ट ०.०.०.० (म्हणजे सर्व पत्त्यांवर ऐक) करून ॲपची कंटेनर-इमेज पुन्हा बांधली आणि नोडपोर्ट उघडले.

फोनवरून मात्र ते अजूनही उघडेना, आणि या वेळी नकार येण्याऐवजी पान नुसते फिरत राहिले. हा फरक महत्त्वाचा आहे: ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुधा निरोप पोहोचला पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही, तर ‘टाइमआउट’ म्हणजे निरोप वाटेतच हरवला किंवा फायरवॉलने गिळला. मिनीक्यूबचा डॉकर ड्रायव्हर (नोड डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवणारा) वापरला की १९२.१६८.४९.२ हा पत्ता लॅपटॉपच्या आतल्या ब्रिजपुरताच, म्हणजे आभासी नेटवर्कपुरताच, असतो. घरच्या वायफायवरील फोनला तिकडे जाण्याची वाटच ठाऊक नसते. मी पोर्ट-फॉरवर्डला ‘ॲड्रेस ०.०.०.०’ जोडले, यूएफडब्ल्यूमध्ये (लिनक्सवरील फायरवॉलचे साधन) त्याचा ८०८० पोर्ट खुला केला आणि फोनवर लॅपटॉपचा वायफायचा पत्ता टाकला. ही सोय तपासण्यापुरतीच ठेवावी, सार्वजनिक वायफायवर तर मुळीच वापरू नये.

मिनीक्यूबऐवजी ‘काइंड’ (डॉकरमध्ये क्लस्टर उभे करणारे तसेच साधन) वापरणाऱ्यांनी पोर्टची जोडणी क्लस्टर तयार करतानाच कॉन्फिगमध्ये लिहावी. नंतर ती घालायची तर क्लस्टर मोडून नव्याने उभा करावा लागतो.

त्या रात्री माजघरात बसून वडिलांनी आपल्या फोनवर बिडाचे शिल्लक वजन मोठ्याने वाचून दाखवले.