जुन्या डिझेल ट्रकला ऑईल कूलर बसवताना

जालन्याहून सळई भरायची, शहागड, गेवराई, बीड करत मांजरसुंब्याचा घाट चढायचा आणि वर हॉटेलापाशी गाडी उभी करायची. एप्रिल-मे महिन्यात याच ठिकाणी माझी जुनी गाडी घाबरवायची. पाण्याचा काटा निवांत मधोमध, पण आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, ऑईल प्रेशरचा काटा पार तळाशी. ड्रायव्हर म्हणायचा, "मालक, पाणी तापलं नाही, तेल तापलंय." त्याचं बरोबर होतं. तेल तापलं की पातळ होतं, बेअरिंगमधून भराभर निसटतं आणि प्रेशर पडतं. वरून ते लवकर जळून काळं होतं ते वेगळंच.

पण काटा खाली गेला म्हणून लगेच तेल गार करणारा ऑईल कूलर आणायला धावू नका. सकाळी गार इंजिन चालू केल्यावरही प्रेशर कमीच दिसत असेल, तर दोष उष्णतेचा नाही. बेअरिंग झिजलंय, नाहीतर ऑईल पंप थकलाय. तिथे कूलर बसवणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. रेडिएटरही आधी नीट बघा. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू आणि कारखाना सुरू झाला की उसाचं पाचट जाळीत इतकं बसतं की मागून बॅटरी मारली तर पलीकडे उजेड दिसत नाही. फॅन बेल्ट ढिला आहे का, तेही तपासा. निम्म्या गाड्यांचा प्रश्न इथेच सुटतो.

एवढं करूनही शंका राहिली तर तेलाच्या तापमानाचा गेज बसवा आणि भरल्या गाडीने दोन फेऱ्या करा. घाटात 100 ते 110 अंश दिसले तर गाडी ठीक आहे, पैसे वाचले. 120 च्या वर काटा बराच वेळ रेंगाळत असेल, तर कूलर हवाच. त्या तापमानाला 15डब्ल्यू-40 या नेहमीच्या इंजिन तेलाचं आयुष्य झपाट्याने घटतं. ढोबळ हिशेब असा की दर 10 अंशांना तेल खराब होण्याचा वेग दुप्पट होतो.

आणखी एक गोष्ट बघायची. तुमच्या इंजिनला कंपनीचाच कूलर आहे का? टाटाच्या ज्या गाड्यांत कमिन्सचं 5.9 लिटरचं इंजिन आहे, त्यांत फिल्टरच्या हेडमागे ब्लॉकमध्येच पाण्यावर चालणारा कूलर असतो. तो गाळाने चोंदला असेल तर आधी तो साफ करा किंवा बदला, बाहेरचा नंतर. रेडिएटरमध्ये तेलाची मलई दिसली तर तो कूलर फुटलाय असं समजून लगेच उघडा.

आता सामान. हवेवर थंड होणारा पट्ट्यांचा अ‍ॅल्युमिनियम कूलर घ्या. चार सिलिंडरच्या गाडीला 16 ते 19 पट्ट्यांचा पुरतो, सहा सिलिंडरला 25 च्या आसपास. भंगार बाजारातला कूलर कधीही घेऊ नका. तो ज्या गाडीचा होता तिचं इंजिन जाम झालेलं असेल, तर त्याच्या पोटात धातूचा चुरा असतो. कितीही डिझेलने धुतलं तरी तो सगळा निघत नाही.

फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी सँडविच प्लेट लागते. तिथून तेल कूलरकडे जातं आणि परत येतं. घेण्याआधी जुना फिल्टर सोबत न्या आणि आटे जुळवा. 20 मिलिमीटरचे वेगळे, पाऊण इंचाचे वेगळे. जवळपास बसतात म्हणून जोर लावून फिरवले की आटे गेलेच. तुमच्या गाडीला फिरकीचा, म्हणजे आट्यांवर अख्खा फिरवून बसणारा फिल्टर नसून वाटीत कागदी फिल्टर असेल, तर ही प्लेट बसणार नाही. आधी फिल्टरचं हेड बदलावं लागेल. थर्मोस्टॅट असलेलीच प्लेट मागा. साधारण 80 अंशांपर्यंत ती बहुतेक तेल कूलरला न पाठवता परत इंजिनात वळवते. "आपल्याकडे कुठे थंडी?" असं दुकानदार म्हणेल. परभणीत जानेवारीच्या पहाटे पारा 10 च्या खाली जातो, आणि तेल धड तापलंच नाही तर त्यातलं पाणी उडून जात नाही.

पाईपवर मात्र हात आखडू नका. कूलर गळला तर थेंब थेंब दिसतं, पाईप फुटला तर मिनिटभरात चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, रिकामा. मी पहिल्यांदा काम केलं तेव्हा गॅरेजवाल्याने रेडिएटरचा रबरी पाईप क्लिप आवळून लावला होता. तेलाने रबर फुगलं आणि तिसऱ्या आठवड्यात अंबडच्या अलीकडे पाईप निपलवरून निसटला. ड्रायव्हरचं लक्ष काट्यावर होतं, त्याने लगेच इंजिन बंद केलं, म्हणून क्रँक वाचली.

ट्रॅक्टर-जेसीबीचे पाईप प्रेस करून देणारी दुकानं जालन्यात, नांदेडला, लातूरला सगळीकडे आहेत. पण तिथेही एक गोम आहे. साध्या हायड्रॉलिक पाईपवर शंभर बारच्या वरचं प्रेशर छापलेलं असतं, आणि आपल्या इंजिनात तापल्यावर जेमतेम चार-पाच बार असतं. तेव्हा प्रेशरची काळजी नाही. काळजी उष्णतेची आहे, कारण असा साधा पाईप बहुधा 100 अंशांपर्यंतच चालतो. म्हणून स्टीलची जाळी असलेला टेफ्लॉनचा पाईप, किंवा निदान 150 अंशांचा शिक्का असलेला घ्या. आतला व्यास 5/8 इंच, म्हणजे सुमारे 16 मिलिमीटर. दोन्ही टोकं प्रेस केलेली, क्लिपची एकही नको.

बसवताना कूलर रेडिएटरच्या पुढे, दोन सेंटिमीटर अंतर ठेवून अँगलच्या चौकटीत घ्या. बोल्टखाली रबरी बुश घालाच, आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी चौकटीत ताठ आवळलेला कूलर कोपऱ्यात तडकतो. तोंडं वर किंवा बाजूला ठेवा. खाली ठेवली तर वरच्या भागात हवा अडकून बसते. रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून कूलर टांगायचा शॉर्टकट करू नका, घासून रेडिएटरच गळायला लागतो.

पाईप कापण्याआधी दोरीने माप घ्या. इंजिन झटका देतं तेव्हा हलतं, म्हणून थोडी ढील हवी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून वीतभर लांब, फॅनच्या पात्यांपासून त्याहून लांब, आणि पत्र्याच्या कडेवरून जातो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून क्लॅम्प. कापलेल्या पाईपात कीस राहतो, तो डिझेल आणि हवेच्या प्रेशरने साफ करूनच जोडा. कूलरच्या तोंडावर युनियन (पाईपच्या टोकाचा जोडनट) आवळताना दोन पाने वापरा, एकाने अ‍ॅल्युमिनियमचं तोंड धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने आवळलं तर तोंड पिळून तुटतं आणि नवा कूलर गाडी सुरू व्हायच्या आत भंगारात जातो. टेफ्लॉनची टेप या आट्यांना नको, तिचे तुकडे तेलात जातात.

तेल भरताना कूलर आणि पाईप मिळून लिटरभर जास्त लागतं. गाडी लगेच चालू करू नका. इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपची केबल ओढून धरा आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये थांबत, प्रेशरचा काटा उठेपर्यंत. मग चालू करा आणि पाच मिनिटं आयडलवर खाली वाकून सगळे जोड बघा. बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक तपासा, कमी असेल तेवढं भरा. तेल पूर्ण तापल्याशिवाय थर्मोस्टॅट उघडत नाही, म्हणून एकदा वीस किलोमीटर फिरवून परत डिपस्टिक बघा. पहिल्या 500 किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा पान्याने चाचपायचे.

माझ्या गाडीचा काटा आता मांजरसुंब्यावर 108 च्या वर जात नाही. फक्त दिवाळीनंतर कापसाच्या फेऱ्या सुरू झाल्या की दर आठवड्याला कूलर धुवावा लागतो. पाणी मागच्या बाजूने, हलक्या धारेने मारायचं. पुढून जोरात मारलं की तंतू आणखी आत जाऊन बसतात आणि पातळ फिन्स वाकतात.