रक्षा शेताला नेताना

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन आणि तेही पंचगंगेतच, असं आमच्या कोल्हापुरात पूर्वी ठरलेलं असायचं. आता आसपासच्या बऱ्याच गावांत रक्षा नदीत न सोडता शेतात मिसळतात, तिथंच एक झाड लावतात. अण्णा गेले तेव्हा आम्हीही तसंच केलं. मला ते मनापासून पटतं, कारण खालच्या गावांना हेच पाणी वापरायचं असतं.

तुमच्याही घरी तसं करायचं असेल तर आधी वडीलधाऱ्यांशी बोला, आणि ते रक्षा भरायच्या वेळी नाही, आदल्या रात्री. आमची आत्ती म्हणाली, "माझ्या भावाला नदीचं पाणी नको व्हय?" तिला समजावत बसण्यापेक्षा मूठभर अस्थी वेगळ्या काढायचं ठरवलं. त्या प्रयाग चिखलीला, जिथं भोगावती आणि कासारी मिळून पंचगंगा होते, तिथं सोडल्या. आत्तीच्या हातूनच सोडल्या. अस्थी थोड्या असतात, रक्षा पुष्कळ. दोन्ही एकाच ठिकाणी गेल्या पाहिजेत असं काही नाही.

पावसाळा असेल तर मात्र संगमाची घाई नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही पुराची इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पाणी चढत असेल तर अस्थींचं लोटकं पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवा आणि पूर ओसरल्यावर जा. हार, कपडे, प्लॅस्टिकची पिशवी, काहीच नदीत टाकायचं नाही.

आपल्याकडं दहन शेणीवर होतं, त्यामुळं राख अंदाजापेक्षा जास्त निघते. वरून गार दिसते, पण पोटात निखारा असतो. पाणी शिंपडून, उलथून बघा आणि लोखंडी घमेल्यातच भरा. प्लॅस्टिकचं पोतं गाडीत वितळलं तर त्या दिवशी कुणालाच सोसणार नाही.

खड्डा आधीच काढून ठेवायला सांगा: दोन फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. जागा स्वतःच्या मालकीची असावी, बांधावर लावणार असाल तर शेजाऱ्याला विचारून. सगळी रक्षा खड्ड्यात ओतू नका. राख खारी असते, कोवळी मुळं करपतात. दोन-तीन ओंजळी पुरे, त्याही माती आणि शेणखतात चांगल्या कालवून, मुळाला थेट लागू न देता. उरलेली रानभर पातळ विस्कटा. वारा पाठीवर घ्या आणि हात जमिनीलगत ठेवा, नाहीतर ती अंगावर येते. पोरांनाही एकेक मूठ द्या. आमच्यातल्या सगळ्यात धाकटीनं "आजोबा इथंच राहणार?" असं विचारलं, तेव्हा आई "हो" म्हणाली आणि खाली बसून स्वतः माती कालवायला लागली.

ओल्या हाताला रक्षा चिकटते, नखांत जाते. हात धुवायला कुणी नळाकडे निघालं तर थांबवा. तांब्या खड्ड्याजवळ ठेवा, सगळ्यांनी तिथंच हात धुवावेत, ते पाणी रोपालाच मिळू दे. आईनं बोटं एकेक करून धुतली. आम्ही कुणी तिला घाई केली नाही.

झाड जांभळाचं, आंब्याचं, वडाचं, त्या माणसाला आवडणारं घ्या. वड विहिरीजवळ किंवा घराजवळ नको. शेरडांपासून वाचवायला बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार ते तिथून निघण्याआधी नाव घेऊन ठरवा. आमच्यात ते थोरल्या पुतण्याकडे आहे, तो रोज रानात जातोच.